लहान मुलांसाठी "सगळे मिळून जिंका"वाले बोर्ड गेम्स : फर्स्ट ऑर्चर्ड, हूट आऊल हूट, फॉरबिडन आयलंड आणि हानाबी

को-ऑपरेटिव्ह बोर्ड गेम म्हणजे ज्यात खेळणारे एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, खेळणारे सगळे एका बाजूला आणि खेळ स्वतः दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे जिंकलो, हरलो तर सगळे हरलो. आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात जाऊन बोर्ड गेम दाखवा म्हटलं तर अजूनही लुडो, सापशिडी, व्यापार हेच पुढे येतं, हा प्रकार बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो आणि बाहेरून येणारा माल असल्याने स्वस्त अजिबात नाही, म्हणून पैसे घालायच्या आधी कुणालातरी उपयोग होईल या हिशोबाने जरा सविस्तर लिहितेय.

आमच्या घरी मुलगी साडेआठ वर्षांची आहे, मुलगा चारचा, सासूबाई सोबत असतात, सुट्टी लागली की नणंदेचा बारा वर्षांचा मुलगा राहायला येतो, आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीची अडीच वर्षांची चिमणी आमच्याकडेच जास्त असते. म्हणजे सगळे वयोगट हाताशी होते आणि चारही गेम खऱ्या मुलांसोबत, खऱ्या भांडणांसकट खेळून झालेत.

आता मुळात हे गेम कशाला ते सांगते. आपण दिवसभर मुलांना काय सांगत असतो, शेअर कर, ताईला दे, भांडू नका, मिळून खेळा. आणि खेळायला काय देतो तर लुडो, ज्यात दुसऱ्याची सोंगटी मारून घरी पाठवली की टाळ्या पडतात. लुडो वाईट असं माझं म्हणणं बिलकुल नाही, स्पर्धा पाहिजेच, खो-खो लंगडी कबड्डी सगळं पाहिजे, हरायला पण शिकलंच पाहिजे. पण मिळून काम करणं ही पण एक करायचीच गोष्ट आहे ना, ती सांगून कशी येईल, त्याचीही सवय व्हायला लागते आणि सवय व्हायला तशी वेळ यायला लागते, जिथे दुसऱ्याचं ऐकलं तर आपलाच फायदा होतो हे मुलाला समोर दिसेल.

यावर एक फार सुंदर प्रयोग झालाय जर्मनीत, लायप्झिगच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या लोकांनी केलेला, 2011 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. तीन वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेतल्या आणि अशी व्यवस्था केली की बक्षिसाच्या गोट्या एकाकडे जास्त येतील आणि दुसऱ्याकडे कमी. जेव्हा दोघांनी मिळून दोरी ओढून त्या गोट्या मिळवल्या होत्या तेव्हा जास्तवालं मूल बऱ्याचदा आपणहून दुसऱ्याला देऊन वाटणी सारखी करायचं. गोट्या आयत्याच ठेवलेल्या असल्या किंवा दोघांनी आपापली वेगळी दोरी ओढलेली असली तर मात्र वाटून घेणं खूपच कमी. कुणीही त्यांना शेअर कर म्हणून सांगितलं नव्हतं. मला हे वाचल्यावर एकदम पटलं, कारण वाढदिवसाला आलेल्या एकाच गाडीवरून जीव खाऊन भांडणारी माझीच दोन मुलं गच्चीवर मिळून किल्ला करताना मावळे न भांडता वाटून घेतात, हे मी दिवाळीत दरवर्षी बघते.

तर आता एकेक गेम.

फर्स्ट ऑर्चर्ड (हाबा)

हाबा ही जर्मन कंपनी आहे, लाकडी खेळण्यांची. मूळचा मोठा खेळ ओबस्टगार्टन म्हणजे फळबाग, 1986 चा, आनेलीजे फार्काशॉव्स्की यांनी बनवलेला, त्यात 40 फळं आणि कावळ्याच्या चित्राचं 9 तुकड्यांचं पझल असतं. फर्स्ट ऑर्चर्ड ही त्याचीच दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठीची छोटी आवृत्ती, हिच्यात चार झाडं, प्रत्येकावर चार अशी 16 लाकडी फळं, एक टोपली, एक लाकडी कावळा आणि त्याची वाट. फासा टाकायचा, जो रंग येईल त्या झाडाचं फळ तोडून टोपलीत ठेवायचं. टोपलीचं चित्र आलं तर कुठलंही एक फळ घ्यायचं. कावळा आला तर कावळा एक घर पुढे. सगळी फळं टोपलीत जायच्या आधी कावळा बागेत पोचला की कावळा जिंकला आणि आपण सगळे हरलो.

फळं हातात घ्यायला इतकी छान आहेत की अडीच वर्षांची चिमणी नुसती टोपलीत भरून ओतून पण अर्धा तास रमते. आणि तिला खेळ खरंच कळतो, रंग ओळखायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, फासा पुढच्याच्या हातात द्यायचा. हे फासा देणं म्हणजे या वयात केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्यांच्या घरी या वयाचं मूल आहे त्यांना सांगायला नको. लुडोत फासा दिला म्हणजे दुसऱ्याचा फायदा. इथे दिला की टोपलीत आणखी एक फळ येणार, त्यामुळे सुरुवातीला घट्ट धरून ठेवणारी ती आता स्वतःच "घे घे, टाक" करत मागे लागते.

माझ्या मुलाने पहिल्यांदा हरल्यावर कावळा उचलून सोफ्याखाली टाकला. रागाने टाकला, पण राग ताईवर नव्हता, कावळ्यावर होता, आणि ताई पण त्याच्यासोबत कावळ्यालाच नावं ठेवत होती. माझ्यासाठी तेवढ्यावरच अर्धे पैसे वसूल झाले. नंतर दोघांनी मिळून चीटिंग पण सुरू केली, कावळ्याचं चित्र आलं की "कावळ्याने बघितलंच नाही" म्हणून फासा परत टाकायचा. मी तेव्हा एकच ठरवून दिलं की नियम बदलायचे तर खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून बदला, मधे बदलायचे नाहीत. हे त्यांना लगेच मान्य झालं, कारण बदलायची परवानगी होती.

सासूबाई मात्र पहिल्या दिवशी बघून म्हणाल्या, "पण मग नंबर कुणाचा आला?" त्यांना हे जरा अर्धवट वाटलं. आता त्याच मुलाला मांडीवर घेऊन खेळतात आणि कावळा पुढे सरकला की "हाऽऽड" करून त्याला हाकलतात, आता मुलंही तसंच करतात.

आता कमी काय आहे ते सांगते. या खेळात निवड अशी फक्त एकाच ठिकाणी येते, टोपलीचं चित्र आल्यावर. तिथे ज्या झाडावर जास्त फळं उरलीत तिथलं घेतलं तर फायदा, कारण एखादं झाड रिकामं झालं की त्या रंगाचा डाव फुकट जातो. एवढं एक मुलांना कळलं (साडेतीन-चारच्या पोराला चांगलंच कळतं) की पुढे विचार करायला, एकमेकांना विचारायला काही उरत नाही, सगळं फाशावर. म्हणजे "आपण सगळे एका बाजूला" ही भावना हा खेळ फार छान रुजवतो, पण एकमेकांशी बोलून ठरवणं यात होत नाही. मूल दोन ते साडेतीनचं असेल तर डोळे मिटून घ्या. चार पूर्ण झालं असेल तर हा न घेता थेट पुढचा घ्या, कारण किंमत बघता हा फार थोडे दिवस चालेल. शहरात कुठे टॉय लायब्ररी असेल तर हा तिथून भाड्याने आणण्यासारखा गेम आहे.

हूट आऊल हूट (पीसेबल किंगडम)

चारांतला माझा सगळ्यात लाडका हा. सुझन मॅकिन्ली रॉस यांचा गेम, चार वर्षांपासून, दोन ते चार जण. घुबडांची पिल्लं बाहेर आहेत आणि सूर्य उगवायच्या आत सगळ्यांना घरट्यात न्यायचंय. रंगीत घरांची एक लांब वळणाची वाट आहे, प्रत्येकाला तीन पत्ते मिळतात, आणि मुख्य गोष्ट म्हणजे पत्ते उघडे समोर ठेवायचे, लपवायचे नाहीत. रंगाचा पत्ता टाकला की कुठलंही एक घुबड पुढच्या त्या रंगाच्या घरापर्यंत जातं. तिथे आधीच घुबड बसलेलं असेल तर त्याच्यावरून हूट करत उडून त्याच्या पुढच्या त्याच रंगाच्या घरात. हातात सूर्याचा पत्ता असेल तर तोच टाकावा लागतो आणि सूर्य एक घर पुढे सरकतो.

लक्षात घ्या, घुबडं कुणाची नाहीत. लाल घुबड माझं, निळं तुझं असं काही नाही. कुणीही कुठलंही हलवायचं. आमच्याकडे सुरुवातीला मुलाने एक घुबड "माझं" म्हणून ठरवून टाकलं आणि दर वेळी तेच पुढे न्यायचा, ते पठ्ठं सगळ्यात आधी घरट्यात पोचलं पण बाकीची मागेच राहिली आणि सूर्य उगवला. मी काही बोलले नाही, मुलगी पण काही बोलली नाही, पुढच्या डावात त्यानेच विचारलं की हे मागचं कुणी आणायचं. हा प्रश्न चार वर्षांच्या मुलाने विचारणं म्हणजे मला तरी फार मोठं वाटलं, कारण हेच मी सांगितलं असतं तर ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असतं.

आणि मग खरी मजा सुरू होते ती उडी कळल्यावर. समजा दोन घुबडं मागेपुढे आहेत आणि दोघा मुलांकडे हिरवा पत्ता आहे. आधी पुढच्या घुबडाला हिरव्यावर नेलं, तर मागच्याला मध्ये दुसरं हिरवं नसेल तर ते त्याच्यावरून उडून एकदम पुढच्या हिरव्यावर जातं. पण हेच उलट्या क्रमाने केलं तर तेवढी लांब उडी मिळत नाही. म्हणजे माझ्या पत्त्याचा फायदा तू आधी काय टाकतोस त्यावर अवलंबून. मुलीच्या हे लक्षात आलं त्या दिवशी ती त्याला म्हणाली, "थांब थांब, तू हिरवा आत्ता नको टाकू, मी आधी टाकते, मग तुझं लांब उडेल." आणि तो थांबला! त्याने पिवळा टाकला, तिने हिरवा, मग परत पाळी आल्यावर त्याने हिरवा टाकून घुबड उडवलं आणि घरभर हूट हूट करत पळत सुटला. त्या उडीत तिचा पण वाटा होता हे त्याला माहीत होतं, कारण तो पळत पळत तिला टाळी द्यायला गेला. शाळेच्या प्रोग्रेस कार्डात "सहकार्याची वृत्ती" म्हणून जो रकाना असतो ना, तो भरायला मला काही विचारलं तर मी हा एक डाव सांगेन.

आपल्याकडे घरात लहान मूल असलं की मोठ्या मुलांच्या खेळात त्याला कच्चा लिंबू करतात, मी पण लहानपणी कच्चा लिंबू होते. खेळात असतो, पण आऊट होत नाही, राज्य येत नाही, म्हणजे त्याच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही आणि लहान मुलांना ते बरोब्बर कळतं. या गेममध्ये धाकट्याच्या समोरचे तीन पत्ते पण तितकेच कामाचे असतात, मोठीला ते बघावेच लागतात, त्याला विचारावंच लागतं. त्यामुळे चारचं आणि आठचं मूल एकत्र बसून दोघांनाही कंटाळा न येता खेळतील असा हा मला मिळालेला एकमेव गेम.

सोपा खेळायचा तर तीन घुबडं, कठीण करायचा तर सहापर्यंत वाढवता येतात. सहा घुबडांना आम्ही मोठे पण हरतो, त्यामुळे मुलांसाठी मुद्दाम हरायची वगैरे गरज पडत नाही. पत्ते सांभाळा, चहाचा कप बाजूला ठेवूनच खेळा, आमच्या पत्त्यांच्या कडा आता मऊ पडल्यात पण ते वापराने आहे.

एक सांगायचंय ते मोठ्यांसाठी. हा गेम खेळताना आईबाबांनी तोंडाला कुलूप लावून बसायचं. मोठ्या माणसाला योग्य पत्ता लगेच दिसतो, आणि "अरे तो जांभळा टाक ना" हे तोंडातून निघतंच. नवऱ्याला तर मी शेवटी नियमच करून दिला की मुलांनी विचारलं तरच बोलायचं, आणि विचारलं तरी उत्तर न देता "तुला काय वाटतं, ताईकडे कुठले पत्ते आहेत बघ" एवढंच म्हणायचं. मूल चुकीचा पत्ता टाकेल, टाकू दे. हरलो तर पाच मिनिटांत दुसरा डाव मांडता येतो.

फॉरबिडन आयलंड (गेमराइट)

हा मोठ्या मुलांचा, डब्यावर वय 10 पासून लिहिलंय, आमची साडेआठची मोठ्यांसोबत बसून खेळते. मॅट लीकॉक यांचा 2010 चा गेम, ज्यांनी पँडेमिक नावाचा प्रसिद्ध को-ऑपरेटिव्ह गेम केला तेच. 24 फरशांचं एक बेट असतं, ते खेळता खेळता बुडत जातं, त्यातून चार खजिने गोळा करून सगळ्यांनी हेलिकॉप्टरने निघायचं. एक जरी मागे राहून बुडाला तरी सगळे हरले. प्रत्येकाला वेगळी भूमिका, पायलट, इंजिनियर, डायव्हर अशी, आणि प्रत्येकाची ताकद वेगळी, त्यामुळे इंजिनियरने फरशी दुरुस्त करत राहायचं, मेसेंजरने खजिन्याचे पत्ते पोचवायचे अशी कामं आपोआप वाटली जातात. दिसायला अप्रतिम, टिनचा डबा, खजिन्याच्या छोट्या मूर्ती, मुलं बघूनच खूष.

पण को-ऑपरेटिव्ह गेम्सचा जो मोठा प्रॉब्लेम आहे तो इथे सगळ्यात जास्त दिसतो. बोर्ड गेमवाले लोक त्याला अल्फा प्लेअर म्हणतात. सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असते, मग ज्याला खेळ जास्त कळतो तो सगळ्यांच्या वतीने खेळायला लागतो. तू इकडे जा, तू हे उचल, तू तो पत्ता मला दे. आमचा भाचा हुशार आहे, आणि त्याने पहिल्याच डावात बाकी दोघांना नुसतं प्यादं करून टाकलं. डाव जिंकले, पण मुलीचा चेहरा पडलेला, तिला मी विचारलं तर म्हणाली, मी कुठे काय केलं. अगदी बरोबर बोलली ती! मिळून जिंकलं म्हणजे मिळून खेळलं असं होत नाही. मोठेपणी ऑफिसात पण आपण हेच बघतो, एक जण सगळं ठरवतो आणि बाकीचे हो ला हो करतात आणि वर त्यालाच टीमवर्क म्हणतात.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. ज्याची पाळी त्याने आधी आपला विचार मोठ्याने सांगायचा, मग बाकीच्यांनी बोलायचं, आणि शेवटचा निर्णय त्याचाच, पटला नाही तरी. आणि भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझं काम आहे तिला प्रश्न विचारायचं, उत्तर सांगायचं नाही, बघ तिच्याकडून ती चाल निघते का. बारा वर्षांच्या मुलाला असा मान दिला की तो फार मनापासून करतो. फरक पडला, चांगला पडला, पण हे कुणीतरी लक्ष ठेवून करायला लागतं, गेम आपण होऊन करून देत नाही. घरात एक मूल खूप दादागिरी करणारं असेल आणि मोठ्यांना सोबत बसायला वेळ नसेल तर हा गेम आत्ता घेऊ नका.

हानाबी

आणि त्या दादागिरीवर खरं औषध मिळालं ते या छोट्याशा पत्त्यांच्या जोडात. आंत्वान बोझा या फ्रेंच माणसाचा गेम, 2013 चं जर्मनीचं श्पील देस यारेस म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं बक्षीस याला मिळालं होतं. आठ वर्षांपासून पुढे. पाच रंगांचे फटाके, प्रत्येक रंगाचे एक ते पाच पत्ते क्रमाने लावायचे, बदामसात येत असेल त्याला लावणं लगेच कळेल.

गंमत अशी की आपले पत्ते आपण उलटे धरायचे. म्हणजे माझे पत्ते मला सोडून सगळ्यांना दिसतात! मला काय टाकायचं ते दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळूच शकत नाही. आणि सांगायचं पण मोजकं, एका पाळीत एका माणसाला फक्त एक रंग किंवा एक आकडा, "हे दोन तुझे लाल" किंवा "हा एक तुझा तीन", बस. सूचनांचे टोकन आठच, ते संपले की एखादा पत्ता टाकून द्यायचा म्हणजे एक टोकन परत. तीन वेळा चुकीचा पत्ता लावला की खेळ खलास.

इथे कितीही हुशार असलं तरी सगळ्यांच्या वतीने खेळताच येत नाही, कारण स्वतःचेच पत्ते माहीत नसतात. भाचा पहिल्यांदा गप्प बसलेला मी या गेममध्ये बघितला. तो विचार करत होता की मी जर तिला लाल सांगितलं तर तिला काय वाटेल, ती टाकेल का ठेवेल. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून विचार करणं याहून सहकार्य म्हणजे वेगळं काय असतं. आणि मुलगी त्याच्याकडे बघून म्हणते, "दादाने मला दोनदा हाच पत्ता दाखवलाय, म्हणजे हा महत्त्वाचा आहे." इथे दादाचा शब्द तिने विचार करून मानला, आयलंडमध्ये नुसता ऐकला होता.

ज्यांच्या घरी मेंढीकोट खेळला जायचा त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. भिडूच्या हातात काय आहे ते त्याने टाकलेल्या पानावरून ओळखायचं, खुणा करायच्या नाहीत, आपली दश्शी कधी द्यायची ते भिडूवर विश्वास ठेवून ठरवायचं. सासूबाई मेंढीकोटात पक्क्या, त्यामुळे हानाबीत त्या आम्हा सगळ्यांपेक्षा भारी निघाल्या. ज्यांना नवीन काही विकत घ्यायचं नाही त्यांनी दहा वर्षांपुढच्या मुलांना मेंढीकोटच शिकवा, दोन-दोनची जोडी, आणि जोड्या दर डावाला बदला म्हणजे भावाभावांची कायमची आघाडी होत नाही. एका बावन्न पानी जोडात भागतं.

हानाबी या चारांत आकाराने सगळ्यात छोटा, ट्रेनमध्ये पण नेता येतो. फक्त लहान मुलांना पत्ते उलटे धरून ठेवायला जमत नाही, सवयीने हात फिरतो आणि सगळं दिसतं. स्क्रॅबलच्या ठोकळ्यांचे स्टँड असतात ना, ते वापरा, एकदम सोपं होतं.

फरक पडतो का?

हे सगळे विचारतात. 1994 साली अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिसमध्ये आलेला. को-ऑपरेटिव्ह खेळ दिले त्या काळात मुलांमधली मारामारी कमी झाली आणि मदत करणं वाढलं, स्पर्धेचे खेळ दिले तेव्हा उलटं झालं, आणि हे नुसतं खेळापुरतं राहिलं नाही, नंतरच्या मोकळ्या वेळेत पण दिसलं. आमच्या घरापुरतं सांगायचं तर भांडणं बंद झालेली नाहीत, रिमोटवरून होतात, खिडकीच्या सीटवरून होतात. पण "आधी तू कर मग मी करतो" हे वाक्य घरात ऐकू यायला लागलंय, मॅटवरचे ठोकळे आवरताना, सायकल जिन्यावरून उतरवताना. ते घुबडांच्या खेळातून आलंय याची मला खात्री आहे कारण शब्द अगदी तेच आहेत. आणि खेळ बंद करून महिनाभर कपाटात ठेवला तर ते परत कमी होईल असंही मला वाटतं, म्हणून आम्ही शनिवारची संध्याकाळ त्याला ठेवलीय.

विकत घेताना

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मला एका गेमची डुप्लिकेट आली होती, छपाई पुसट, लाल आणि नारिंगी रंगात फरकच कळत नव्हता, आणि ज्या गेमचा सगळा खेळ रंगांवर आहे त्यात हे म्हणजे गेम फुकट. परत पाठवून पैसे मिळाले पण वेळ गेला. फोटोतला डबा मूळ कंपनीच्या डब्याशी ताडून बघा, किंमत संशयास्पद कमी असेल तर सोडून द्या, आणि डबा उघडताना तुकडे मोजून घ्या.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांनी कावळ्याचा खेळ घरी करा, मी चिमणीसाठी केलाय आणि विकतच्यापेक्षा कमी आवडीने खेळत नाही ती. बाटल्यांची मोठी झाकणं घ्या, चार रंगांत रंगवा, प्रत्येकी चार. तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, राजमा, मणी असलं काही वापरू नका, तोंडात जातं. पुठ्ठ्यावर मुलांनाच झाडं काढायला लावा. फासा लुडोचा चालतो, एक ते चार म्हणजे चार रंग, पाच म्हणजे कुठलंही एक, सहा म्हणजे कावळा, आणि हे एका कागदावर रंगांचे ठिपके देऊन चिकटवून ठेवा म्हणजे आकडे न येणाऱ्यालाही कळतं. कावळा शाडूचा किंवा काळ्या कागदाचा. त्याच्या वाटेला सहा चौकोन ठेवून सुरू करा, चौकोन कमी केले की खेळ कठीण होतो, वाढवले की सोपा. किती ठेवायचे ते डाव मांडायच्या आधी मुलांनाच बोलून ठरवू द्या, आमच्याकडे सध्या पाचवर आलेत आणि अजून एक काढायचा का यावर दोघांची बोलणी चालू आहेत.